त्या वासाला आम्ही बाग समजलो

प्रिय दादा,

जयभीम. तू जाऊन दोन वर्षं झाली, आणि एवढ्या दिवसांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. गेलेल्या माणसाला पत्र लिहिणाऱ्यांना मी वेडं म्हणायचे. पण गेल्या मंगळवारी आमच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मला तुझा वास आला. आता हे तुला सोडून दुसऱ्या कुणाला लिहू?

लॅबला नव्या डॉक्टरीणबाई आल्यात, पुण्याच्या. आयसीयूत श्वासाच्या मशीनवरचे तीन पेशंट लागोपाठ न्यूमोनियानं गेले, तेव्हा या बाईंनी कुणालाही न विचारता वॉर्डातल्या वस्तूंवरून कापसाच्या काड्या फिरवून नेल्या. मशीनच्या नळ्या, बेसिन, आम्हा सिस्टरांचे हातसुद्धा! मंगळवारी मला बोलावलं. काचेच्या बशीत हिरवट साय धरली होती. झाकण उचलून म्हणाल्या, "सिस्टर, वास घ्या." पिकल्या द्राक्षांचा वास! "तुमच्या वॉर्डात नळ्या बुडवायचं भांडं आहे ना, त्यातल्या पाण्यातून हे वाढलं. हा जंतू असाच वास मारतो." मी तिथल्याच स्टुलावर बसले.

तुला आठवतं? तुला कसं आठवणार म्हणा, घशात नळी घालून पडला होतास. सहाव्या दिवशी वहिनी तुझ्या तोंडाजवळ वाकली आणि पाच दिवसांत पहिल्यांदा हसली. "वन्सं, यांना अजून बागेचा वास येतोय बघा!" मी वाकले. खरंच येत होता. मी पण हसले. म्हटलं, बारा वर्षं द्राक्षबागेत राबलाय माझा दादा, वास मुरणारच. छाती सडत होती रे तुझी, आणि आम्ही दोघी हसत होतो. मी तर शिकलेली नर्स!

तुझ्यावरही राग आहे माझा. छाटणीनंतर उडद्या किडीवर विषारी औषध फवारायचं आणि तोंडाला रुमाल बांधायचा नाही? का, तर वहिनीनं धुतलेला रुमाल वाळला नव्हता! ओला बांधला असतास तर नाक झडलं असतं का? दुपारी तोंडाला फेस आला आणि दिंडोरीहून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून तुला नाशिकला, माझ्याच वॉर्डात आणलं. एवढा शहाणा माणूस तू, मला सतरा गोष्टी शिकवायचास.

पण विषानं तू गेला नाहीस. हे मी आज छातीवर हात ठेवून सांगते. तुझ्या डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या, त्या चौथ्या दिवशी उघडल्या. पाचव्या दिवशी तू माझा हात दाबलास. नळी काढ, घरी जाऊ, अशी खूण केलीस. मी काय केलं? "गप पड, शहाणपणा नको" म्हणून दटावलं आणि तुझे दोन्ही हात बँडेजनं कॉटला बांधले. ज्या हातांनी मजुरी करून मला नर्सिंगला धाडलंस ते हात! विष उतरलं होतं, दादा. चार-दोन दिवसांत तू उठून बसला असतास.

"मी आहे ना," असं मी आईला ठणकावून सांगायचे. ड्युटी असो नसो, दुसऱ्या सिस्टरला तुला हात लावू द्यायचे नाही. तुझ्या छातीतला कफ मीच ओढायचे. बारीक नळी आत सोडायची, कफ ओढायचा, मग ती नळी भांड्यातल्या पाण्यात बुडवून साफ करायची. स्टीलचं एकच भांडं, ट्रॉलीवर ठेवलेलं, चारी कॉटला तेच फिरायचं. उकळलेलं पाणी सकाळी एकदाच यायचं. दुपारी कमी पडलं की वरून थोडं ओतायचं. पाणी फेकून भांडं घासावं असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. "लोशन टाकलंय ना थेंबभर? झालं मग!" असं आमच्या इनचार्ज सिस्टर म्हणायच्या. शेजारच्या कॉटवर एक म्हातारबा होते, ते तू येण्याआधीपासून न्यूमोनियानं धापत होते. त्यांचे जंतू मी माझ्या हातानं तुझ्या छातीत नेऊन सोडले. काळजीनं, दर तासाला!

आणि औषधं? त्यांचीही तऱ्हा ऐक. पेशंट मशीनवर चढला की पहिल्या दिवसापासून दोन इंजेक्शनं सुरू. ताप असो नसो, "खबरदारी म्हणून." वर्षानुवर्षं तीच दोन, सगळ्यांना. त्या औषधांनी मरायचे ते जंतू मरून गेले, आणि वॉर्डात उरले ते सगळे अट्टल. तुला ताप भरला तेव्हा कफ तपासायला पाठवला. रिपोर्ट यायला तीन दिवस लागले. औषधांची नावं एकाखाली एक, आणि प्रत्येकापुढे 'आर'. आर म्हणजे हा जंतू या औषधाला दाद देत नाही. वरपासून खालपर्यंत आर! मोठ्या डॉक्टरांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "डोस वाढवा." अरे, जे औषध त्याला लागूच पडत नाही ते वाढवून काय उजेड पडणार? पण मी "येस सर" म्हटलं. दोन दिवसांनी तू गेलास.

कागदावर कारण लिहिलं, विषबाधा. सगळ्यांची सोय झाली. डॉक्टरांची, इनचार्जची आणि माझी पण. भांड्याचं तेव्हा मला ठाऊक नव्हतं, खरंच नव्हतं. पण विष उतरलंय आणि न्यूमोनियानं नेलंय, हे मला पक्कं ठाऊक होतं. तो शब्द मी घरी कधी तोंडातून काढला नाही. लोक विचारतील, तू होतीस ना तिथं? मग काय सांगू?

ही सोय वहिनीच्या जिवावर उठली. तुझ्या पुण्यानुमोदनाला, भरल्या मांडवात आई बोलली, "हिनं रुमाल धुतला म्हणून माझं पोरगं गेलं!" तेव्हापासून वहिनीच्या हातचा चहा आई घेत नाही. गावातल्या बायका तिला पाठीमागं रुमालवाली म्हणतात. आणि ती मुकाट ऐकून घेते, कारण तिलाही तेच खरं वाटतं. दोन वर्षं, दादा! मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं.

काल रविवारी बोलले. गावाला जाऊन दोघींना समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. वाटलं, वहिनी माझ्या झिंज्या उपटेल. उपटायला हव्या होत्या. ती पदराचं टोक चावायला लागली. मग एवढंच विचारलं, "म्हंजे मी रुमाल धुतला त्यानं नाय ना गेले ते?" मी नाही म्हटलं. तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हटलं. मग जी रडली! तू गेलास त्या दिवशीसुद्धा तिला आईनं असं रडू दिलं नव्हतं.

आणि आपली आई? उठली, दाराला कडी घालून आली. "शके, हे हितंच गाड. एक पोर गेलं, आता तू नोकरी घालवते का? ही काय, दोन वर्सं ऐकून घेतेच हाय. अजून ऐकंल." वहिनीच्या तोंडावर! मला आईची किळस आली. मग एसटीत बसल्यावर कळलं, आई जे मोठ्यानं बोलली तेच मी दोन वर्षं गुपचूप करत होते.

वॉर्डात भांडी बदललीत. लॅबच्या बाईंचा रिपोर्ट मात्र कपाटात गेला. मोठे डॉक्टर म्हणाले, "उगाच बभ्रा नको."

दादा, तुला शब्द देते. उद्या ड्युटीवर गेले की सगळं लिहून माझ्या सहीनिशी त्यांच्या टेबलावर ठेवणार. नोकरी राहो नाहीतर जावो. आणि येत्या पौर्णिमेला विहारात वंदना संपली की वहिनीला शेजारी घेऊन मी उभी राहणार. आईसकट सगळ्यांनी ऐकावं. माझ्या भावाला सुमनवहिनीनं मारलं नाही. त्याला आमच्या वॉर्डानं मारलं, नळी माझ्या हातात होती, आणि मी गप्प बसले.

मला माफ कर असं म्हणत नाही. करू नकोस.

तुझी,
शकू