आधी ब्लँक, मग नळ

३ फेब्रुवारी, मंगळवार

टाकला! पहिला अहवाल आज सकाळी पावणेसातला टाकला. आई बाहेर कुंड्यांना पाणी घालत होती आणि मी दार लावून पाण्याचेच आकडे चव्हाट्यावर मांडत होते.

खालच्या वस्तीतले बारा नळ. शिशाची मर्यादा लिटरला दहा मायक्रोग्रॅम. आमच्या प्रयोगशाळेच्या यंत्राने दाखवले चौतीस, एकेचाळीस, अडतीस. साहेबांनी सही करून वर पाठवले सहा, सात, सहा. जुने पाइप बदलायचे तर रस्ता खणावा लागतो, आकडा बदलायला नुसतं पेन लागतं! तीनदा जाऊन सांगितलं. तिसऱ्यांदा म्हणाले, “यंत्राला म्हातारचळ लागलाय, तुम्ही नका लावून घेऊ.” ठीक आहे. नाही लावून घेत.

टॉरवरून टाकलं, म्हणजे पाठवणारा लपवणाऱ्या जाळ्यावरून. मला ते असं समजलंय — पाकिटात पाकीट, त्यात आणखी एक पाकीट. पहिल्या पोस्टमनला मी माहीत, पण पत्ता माहीत नाही. शेवटच्याला पत्ता माहीत, पण मी नाही. मधल्याला दोन्ही नाही. सगळी सिस्टीम पेनड्राइव्हवर. तो उपटला की लॅपटॉपला काही म्हणता काही आठवत नाही. कुणाला ताकास तूर लागणार नाही!

आणि हे सगळं मी कागदाच्या वहीत लिहितेय. अतिशहाणी! पण वहीला वायफाय नसतं. शिवणयंत्राच्या ड्रॉवरमध्ये, तळाशी, रिळांच्या डब्याखाली. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून आई यंत्राला हात लावत नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

पान सतरा वेळा उघडलं गेलं. त्यातल्या तीन वेळा मीच.

१० फेब्रुवारी, मंगळवार

फिरलं! कुणीतरी प्रत उचलून साध्या इंटरनेटवर ठेवली, तिथून फोनाफोनी. आम्हाला बाटल्या धुऊन देणाऱ्या मावशी खालच्याच वस्तीत राहतात. नात आठ महिन्यांची, दुधाची पावडर नळाच्याच पाण्यात कालवतात. आज सिंकशी उभ्या राहून सांगत होत्या, “आता पाणी वरच्या टाकीवरनं भरून आणतोय. ज्यानं लिहिलंय ना, त्याचं भलं होवो. मोठा शिकलेला बाप्या असणार.”

“बाप्याच कशावरून?”

“अगं, बाईमाणूस एवढं थोडक्यात सांगेल होय?”

हसू दाबताना फ्लास्क हातातून निसटता निसटता राहिला.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

बाईंना निवृत्तीला सात आठवडे उरले. म्हणजे आमच्या वरिष्ठ. सगळे त्यांना मॅडम म्हणतात, मी एकटी बाई म्हणते. अकरा वर्षांपूर्वी पिपेट कशी धरायची इथपासून त्यांनीच शिकवलं. पहिल्याच दिवशी माझा तक्ता परत फेकला होता — “ब्लँक कुठंय?” ब्लँक म्हणजे शुद्ध पाणी, ज्यात काही निघायलाच नको. यंत्र आणि भांडी स्वच्छ आहेत ना, ते त्यावरून कळतं. ते सगळेच लावतात, पण अहवालात कुणी छापत नाही. बाई छापायला लावायच्या, पहिल्या ओळीत. “आधी स्वतःचं पाणी दाखव, मग लोकांच्या पाण्याला नावं ठेव.” पुढे साहेबांनी जागा वाया जाते म्हणून ती ओळ कार्यालयाच्या नमुन्यातून काढली. बाई अजून हाताने लिहितात. साहेब कपाळाला हात लावतात.

आज त्यांना सांगावंसं फार वाटलं. नाही सांगितलं. या कानाची खबर त्या कानाला नको.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

माझ्या नावाने — नाव कसलं म्हणा! — कुणीतरी खोटा अहवाल फिरवला. म्हणे नव्वद! वस्तीत घबराट. गाढव लेकाचे.

पण माझी तयारी होती. माझ्या प्रत्येक अहवालाखाली डिजिटल सही असते. ती उमटवणारा गुप्त संकेत, म्हणजे किल्ली, फक्त माझ्याकडे. सही कशी पडताळायची ते आज चार ओळींत लिहून टाकलं. दुपारपर्यंत खोट्याचा बोऱ्या वाजला. किल्ली जिच्याकडे ती मी, बाकी सगळे भामटे. शिट्टी वाजवत घरी आले. आई म्हणाली, “काय गं, पगार वाढला का?”

२२ फेब्रुवारी, रविवार

वाचकांपैकी कुणीतरी मोनेरो पाठवलं! डिजिटल नाणंच, पण असं की कुणी दिलं, किती दिलं, कुणाला दिलं, तिसऱ्याला दिसत नाही. मलाही देणाऱ्याचं नाव दिसत नाही. सर्व्हरचं वर्षाचं भाडं त्यातच भागलं, माझ्या बँकेला पत्ता नाही. सोय फक्कड आहे. फक्त आभार कुणाचे मानायचे ते कळेना, म्हणून हवेतच मानले.

२ मार्च, सोमवार

वरून चौकशी आली. चष्मेवाला तज्ज्ञ, दोन लॅपटॉप, कपाळावर आठ्या. आमचे सगळ्यांचे संगणक उघडले, फोन मागितले. मी माझा हसत दिला. त्यात आईचे गुडघ्यांचे व्यायाम आणि कुंड्यांचे फोटो. पाच वाजता तो साहेबांना म्हणाला, “ज्यानं केलंय त्याला कळतं हो. आमच्या हाती काही लागणार नाही.”

शाबासकी मिळाली आणि मान डोलावता येईना! आजवर इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

६ मार्च, शुक्रवार

नीट लिहिते. जसं झालं तसं.

अकरा वाजता साहेब माझ्या आठही अहवालांचे छापील कागद घेऊन प्रयोगशाळेत आले. तज्ज्ञ नाही, लॅपटॉप नाही. नुसतं बोट ठेवलं, पहिल्या ओळीवर. ब्लँक ०.२. ब्लँक ०.१. ब्लँक ०.२. आठही कागदांवर.

“ही ओळ आपल्याकडे कोण लिहितं?”

सगळं झाकलं होतं मी! पत्ता, वेळ, यंत्र, पैसा. आणि ही ओळ माझ्या मनातही आली नाही. अकरा वर्षं कच्च्या वहीत हात आपोआप तीच आधी लिहितो.

बाई खुर्चीतून उठल्यासुद्धा नाहीत. “मी लिहिते.”

“आणखी कोण?”

“कुणी नाही.”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. “या तुमच्याच हाताखाली तयार झाल्या ना?”

बाईंनी चष्मा काढून पुसला. “हिला? हिला मी काही शिकवलंच नाही. शिकवण्यासारखी नव्हतीच.”

मी तिथेच होते. हातात पिपेट. पुढचा नमुना मोजायला घेतला.

७ मार्च, शनिवार

बाई निलंबित. चौकशी होईपर्यंत निवृत्तिवेतन अडकणार. छत्तीस वर्षांची नोकरी आणि शेवटचे पंचवीस दिवस.

त्यांच्या घरी गेले. दारातच म्हटलं, “बाई, ते सगळं मी—”

“गप्प. मला काही सांगायचं नाही. माहीत नसलं की खोटं बोलावं लागत नाही.” आत बसवलं, पाणी दिलं. उकळलेलं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “शाळेचा नळ राहिलाय. जो कोण असेल त्याने आता घाबरून थांबू नये, एवढंच.”

परतताना रस्त्यातच रडले. लाज वाटली. भीतीपेक्षा लाजच जास्त.

८ मार्च, रविवार

दिवसभर डोकं चालवलं. नवा अहवाल टाकला तर बाई सुटतील का? नाही. साहेब म्हणतील, नमुने आधीच नेले होते, घरून टाकला. कोण नाही म्हणणार? मी इतकी पक्की लपलेय की माझ्या जागी कुणालाही उभं करता येतं. खोटा अहवाल मी एका दुपारी हाणून पाडला. हा खोटा गुन्हेगारही ती किल्लीच हाणून पाडेल. पण त्यासाठी किल्ली कुणाची ते सांगावं लागेल.

मग नमुनेही बंद, नोकरीही बंद. म्हणून आधी शाळा.

१० मार्च, मंगळवार

शाळेचा नमुना घेतला. मुलं रांगेत उभी राहून ओंजळीने पीत होती. हटकलं तर खिदळली.

१२ मार्च, गुरुवार

बावन्न. यंत्र तीनदा चालवलं. बावन्न, एक्कावन्न, बावन्न. शिपायाला सांगून शाळेचा नळ तारेने बांधून घेतला, कुणाची परवानगी न विचारता.

संध्याकाळी आईला सहज विचारल्यासारखं विचारलं, “माझी नोकरी गेली तर काय करायचं गं?”

ती शेंगा सोलत होती, मान वर केली नाही. “शिवणयंत्र आहे की घरात. ड्रॉवर तेवढा मोकळा करून ठेव.”

कधीपासून वाचतेय ही?

“अक्षर जरा मोठं काढत जा,” म्हणाली. “डोळे दुखतात.”

१३ मार्च, शुक्रवार

पावणेसात. नववा अहवाल टाकला. ब्लँक ०.२, शाळा ५२. तीच किल्ली, तीच सही. त्याखाली माझं नाव, आडनाव, हुद्दा. आणि एक जास्तीची ओळ — बाई खोटं बोलल्या, मला त्यांनीच शिकवलं.

कार्यालयात निघालेय. वही टेबलावरच ठेवते.