उशीखालची पुडी

७ नोव्हेंबर

राहुलला हिराच पाहिजे! नुसती सोन्याची अंगठी चालणार नाही म्हणतो. साक्षगंध चोवीस तारखेला, कटंगीला, नवरीच्या, समीक्षाच्या घरी. एकुलता एक नातू, स्वतः कमावतो — मी कोण अडवणारा? पण हिरा?

एवढंच म्हटलं, हिरा आपल्या घराला लाभत नाही. राजेंद्र अर्ध्या ताटावरून उठला. "बाबा, पोराच्या शुभकार्यात पुष्पाताईचं नाव नका काढू!"

मी नाव काढलंच नव्हतं.

९ नोव्हेंबर

राहुलने मेन रोडच्या नव्या शोरूममध्ये नेलं. नोव्हेंबरातही एसी. तिथल्या मुलीने माझ्या डोळ्याला भिंग लावलं. "दादाजी, देखिए, अंदर एक भी दाग नहीं." मला काही दिसलं नाही, नुसतं पाणी आलं डोळ्याला. जन्मभर राईस मिलच्या काट्यावर पोती तोलली. क्विंटल कळतो, हिऱ्याच्या वजनाचे हे सेंट कळत नाहीत.

विचारलं, खडा तीन रात्री घरी नेऊ देता का? ती हसली. "दादाजी, ये साड़ी थोड़ी है!" सर्टिफिकेट मिळेल म्हणाली. सर्टिफिकेटावर लाभणार की नाही ते लिहितात का? — हे मी मोठ्याने बोललो बहुतेक. दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

बाहेर आल्यावर राहुल म्हणे, "आजोबा, काहून असं करून राह्यले तुम्ही?"

काहून! पुष्पाचा खडा पारखला नाही म्हणून. खडा तीन रात्री उशीखाली ठेवायचा, स्वप्न वाईट पडलं तर परत करायचा — माझ्या आईने सांगितलं होतं. पण पुष्पाच्या सासरच्यांनी ऐन वेळी हिऱ्याची अंगठी मागितली. मी धावत गोंदियाला जाऊन घेऊन आलो. माझी लेक लग्नानंतर सातव्या महिन्यात सासरच्या विहिरीत सापडली. पाय घसरला म्हणाले.

एकतीस वर्षं झाली. खड्यानं खाल्लं तिला. दुसरं काय?

११ नोव्हेंबर

प्रेमलाल सराफाकडे गेलो. याच्या बापालाही मी ओळखत होतो. दुकान लहान, पण गादी स्वच्छ. तीन रात्रींचं सांगितल्यावर तो हसला नाही. "काकाजी, जांगडवर घेऊन जा. पटला तर ठेवा, नाही तर वापस. चिठ्ठीवर सही करा फक्त." पांढऱ्या कागदाची घडी घालून खडा पुडीत बांधला, माझ्या हातावर ठेवला. केवढासा! तांदळाच्या कणीएवढा.

राहुल म्हणाला, "हौ, तीन रात्री. पण मग एक शब्द नाही, आजोबा." कबूल केलं.

तीन रात्री पुडी उघडायची नाही. सूनबाईला सांगितलं, बिछाना तूच घाल, उशी हलवू नको. ती म्हणाली, "बाबाजी, तुमच्या कानाची मशीन दोनदा हरवली, याले तरी सांभाळा!" टोमणे मारायची सवयच आहे तिला.

१२ नोव्हेंबर

पुष्पा आली. दारात उभी. केस ओले, पाणी उंबऱ्यावर टिपकत होतं.

उठलो आणि आधी उंबरा हात लावून पाहिला. कोरडा.

१३ नोव्हेंबर

पुन्हा. आज आत आली, खाटेपाशी. उजवी मूठ बंद करून माझ्यापुढे धरली. तशीच धरून राहिली.

सकाळी उशीपाशी मुंग्या! रांगच्या रांग, उशीखाली चाललेल्या. हिऱ्याला मुंग्या लागतात? सत्तर वर्षांत ऐकलं नाही. मेलेल्याच्या मागे येतात त्या. कोणाला सांगितलं नाही.

१४ नोव्हेंबर

तिसरी रात्र. तीच मूठ. एकेक बोट उघडायला लागली, मी ओरडून उठलो. आत काय ते पाहिलं नाही. पाहायचंही नाही!

चहा होताच सगळ्यांसमोर बोललो — हिरा नको आणि ही सोयरीकही नको. एका पोरीचा जीव गेला, दुसऱ्याच्या पोरीचा मी घेणार नाही.

राहुल रडला. सव्वीस वर्षांचा पोरगा, लहानासारखा रडला. "समीक्षाले काय सांगू? माह्या आज्याले स्वप्न पडते म्हणून?"

१५ नोव्हेंबर

घरात कोणी बोलत नाही माझ्याशी. राहुलचा डबा तसाच ओट्यावर.

१६ नोव्हेंबर

कोणाला न सांगता पुडी घेऊन प्रेमलालकडे गेलो. त्याने घडी उघडली आणि त्याचा चेहराच उतरला. "काकाजी, माल कुठं हाय?"

पुडीत एक पांढुरका खडा होता, पण तो नव्हे. प्रेमलालने चिमटीत धरला, भिंगातून पाहिला, मग सरळ जिभेवर ठेवला. "मिश्री! काकाजी, मिश्रीवर झोपले तुम्ही!"

राजेंद्रला फोन. तो सूनबाईला गाडीवर बसवून आला. तिच्या रुमालात खरा खडा. पहिल्याच संध्याकाळी, माझ्या आंघोळीच्या वेळी, तिने तो कपाटात ठेवला होता. पुडी रिकामी लागू नये म्हणून रामपायलीच्या प्रसादातली खडीसाखर बांधली. "तुम्ही हरवून बसले असते तर, बाबाजी? परवाच सांगणार होती, पण तुमचा राग पाहून हिंमत नाही झाली."

सगळे हसले. प्रेमलालने चहा मागवला. राहुल धावत आला आणि दुकानातच मला मिठी मारली. "आता झालं ना, आजोबा? खड्याचा काही गुन्हा नाही!" हौ म्हटलं. तिथेच खडा ठरला. मीही हसलो असेन.

मुंग्यांचं समजलं. साखर होती.

पण खडा कपाटात होता. मग ती तीन रात्री कशाने आली?

१९ नोव्हेंबर

आता उशीखाली काही नाही. तरी येते.

२४ नोव्हेंबर

साक्षगंध झालं. समीक्षा पाया पडली. अंगठी थोडी ढिली झाली होती. तिने ती काढून माझ्या तळहातावर ठेवली. "आजोबा, प्रेमलालजीकडून घट्ट करून आणाल ना?" सगळे बघत होते.

पुष्पानेही तिची अंगठी अशीच ठेवली होती. बसस्टँडवर, सासरी परत जायच्या दिवशी. "बाबा, मले नका पाठवू."

मीच ती परत तिच्या बोटात घातली.