संकष्टी सोडायला हवी होती का?

आई,

तू मला एक प्रश्न विचारला होतास आणि मला उत्तर देता आलं नव्हतं. तुला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुझ्या तेव्हाच्या वयाच्या पुढे मी स्वतः निघून गेले आहे. पण उत्तर मिळालंय. मिळालंय कसलं, मी मिळवलंय, चांगलं झगडून मिळवलंय, आणि तुला सांगितल्याशिवाय ते माझ्या पोटात राहायचं नाही. तेव्हा नीट ऐक. मध्येच 'कशावरून?' म्हणू नकोस, ते सगळं येणारच आहे.

तुझं ते 'कशावरून?' माझ्या कानातून अजून गेलेलं नाही. पेठेतल्या आपल्या दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत बाबांचं वर्तमानपत्र, आतल्या खोलीत ओटा, आणि टेलिफोन ऑफिसातून येऊन चपला काढता काढताच सुरू होणारी तुझी उलटतपासणी. पेपर सोपा गेला म्हटलं की कशावरून. दूधवाला पाणी घालतो म्हटलं की कशावरून. शेजारच्या काकू म्हणाल्या, त्यांच्या भाचीला अमेरिकेतलं स्थळ आलंय, तर तू जिन्यात उभी राहून त्यांना विचारलंस, "कशावरून अमेरिकेतलं?" काकू महिनाभर बोलत नव्हत्या. तुला त्याचं काही नव्हतं. "खरं असेल तर सांगायला काय झालं?" म्हणालीस आणि भाजी चिरायला बसलीस.

आणि संकष्टी. दिवसभर उपाशीपोटी ऑफिस करून यायचं, पदर खोचायचा आणि मोदकांची उकड काढायची. मी तेव्हा असेन चौथी-पाचवीत. खोबऱ्याच्या सारणाचा वास खोलीभर सुटलाय, मी हळूच चमचा उचलते, आणि तुझी पाठ माझ्याकडे असूनही तुला दिसतं. "हात मागे." मी म्हणते, गूळ कमी असला तर? "असला तर असला. नैवेद्य दाखवून झाल्यावर कळेल." मी हट्टाला पेटते, आधी बघितलं तर काय बिघडतं? तू वळतेस, हाताला पिठी लागलेली, आणि म्हणतेस, "आधी चाखलंस की तू तुझ्या जिभेला आवडेल तसं करणार. मग तो नैवेद्य कसला? तुझा खाऊ झाला." मी फुरंगटून बसते. चंद्र दिसेपर्यंत तो मोदक समोर ठेवून बसायचं म्हणजे शिक्षाच होती. ती शिक्षा नव्हती, माझ्या पुढच्या सगळ्या नोकरीची शिकवणी होती, हे मला कोण सांगणार तेव्हा!

मग ती गाठ. शस्त्रक्रियेआधी ती लहान व्हावी म्हणून तुला औषध दिलं. तुझे केस गेले, तोंड आलं, पाणीही गिळवेना. गाठ मात्र होती तशीच. डॉक्टरांनी हात झटकल्यासारखं म्हटलं, "पेशंटनं खायला पाहिजे हो." आणि आत्या, तिच्या तोंडाला काय, तिने भर दुपारी चार नातेवाइकांसमोर निकाल देऊन टाकला, "संकष्ट्या, सोमवार, वर एकादश्या! उपासतापासांनी अंग पोखरून ठेवलं. औषध लागायला अंगात काही हवं ना!" मी तुझ्या तोंडाकडे बघत होते. आता म्हणशील, आता म्हणशील. सगळ्या जगाला 'कशावरून?' विचारणारी तू, त्या दिवशी स्वतःसाठी विचारलं नाहीस. मला अजून त्याचा राग येतो, आई. आत्याचा येतोच, पण तुझाही येतो.

सगळे गेल्यावर खिडकीपाशी बसली होतीस, डोक्याला तो निळा रुमाल. माझ्याकडे न बघता म्हणालीस, "संकष्टी सोडायला हवी होती का गं मी?" मी तेव्हा बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी करत होते. पेशीत साखरेचं काय होतं ते झोपेतून उठवलं असतं तरी घडाघडा म्हटलं असतं. पण याचं उत्तर एकाही पुस्तकात नव्हतं. मी विचारलं, "पाणी देऊ?" तू म्हणालीस, "दे." त्यानंतर हा विषय तू काढला नाहीस, आणि पावसाळ्याच्या आत तू गेलीस.

आता माझं काम सांगते. घाबरू नकोस, टेलिफोनच्या तारांपेक्षा अवघड नाही. पेशी उपाशी राहिली की स्वतःचेच जुने, मोडके भाग मोडून खाते. त्याला ऑटोफॅजी म्हणतात. तू शिळ्या पोळ्यांचा कुस्करा करायचीस, तसंच. घरात नवं काही नसलं की आहे त्यात भागवायचं. खायला मिळालं की ही काटकसर थांबते, निदान थांबायला हवी. कर्करोगाची पेशीही औषधाचा मारा झाला की असंच स्वतःला खाऊन तग धरते, हे लोकांना माहीत होतं. मला दिसलं ते वेगळं होतं. काही गाठींमध्ये ही काटकसर औषधाच्या आधीपासूनच चालू असते, आणि थांबतच नाही. काचेच्या बशीत त्या पेशींना मी पोटभर खायला घातलं, अगदी मेजवानी, तरी त्या आपल्या स्वतःला खातच बसलेल्या. बटणच अडकलेलं. उपाशी ठेवा नाहीतर जेवू घाला, त्यांना काडीचा फरक पडत नव्हता, आणि औषधाच्या माऱ्यालाही त्या आधीपासूनच तयार.

हे मी पहिल्यांदा परदेशातल्या एका परिषदेत सांगितलं तेव्हा पुढच्या रांगेतले एक बडे गृहस्थ हसले. खो खो नव्हे, नुसतंच, नाकातून. त्या हसण्याची किंमत मला पुढे बरीच वर्षं मोजावी लागली. लेख परत येत राहिले, निधीचे अर्ज फेटाळले गेले, एका समितीत तर मला सल्ला मिळाला की बाईंनी आता शिकवण्यावर लक्ष द्यावं. नाकाला मिरच्या झोंबल्या, पण तुझी मुलगी आहे मी. म्हटलं, थांबा. एक यंत्र मिळवलं, एका गाठीतली हजारो प्रथिनं एका दमात ओळखून मोजणारं. बटण अडकलेल्या गाठीत ठरावीक प्रथिनं नेहमी मिळून वाढलेली दिसतात, हे त्यावर पुन्हा पुन्हा पाहिलं. मग माझं म्हणणं सरळ होतं. औषध द्यायच्या आधी गाठीचा कण मला द्या, ते औषध लागू पडेल की नाही ते मी सांगते.

अहाहा, आणि मग आली ती परीक्षा. हॉस्पिटलांत जुन्या रुग्णांच्या गाठींचे, औषधाआधी तपासणीला काढलेले तुकडे मेणात बसवून वर्षानुवर्षं ठेवतात. कुणाला औषध लागलं, कुणाला नाही, हे तिथे ठाऊक असतं. माझी कॉलेजातली मैत्रीण अशाच एका हॉस्पिटलात पॅथॉलॉजी बघते. ठरलं असं की तिने तुकडे निवडायचे, नावं झाकून त्यांना खुणा घालायच्या, आणि मी नुसत्या प्रथिनांवरून निकाल द्यायचा. त्यातला एक तुकडा तुझा होता, आई. तो तळघरात अजून होता! घरची म्हणून परवानगी मीच दिली, नीतिसमितीला नातं सांगून टाकलं, आणि मैत्रिणीला बजावलं, कुठला तो मला अजिबात कळता कामा नये. ती म्हणाली, "तुला ताकास तूर लागू देणार नाही मी." तिचं बोलणं असंच आहे, तुला आवडली असती.

अर्धं काम झालं आणि आमच्या लॅबमध्ये उतावळे नवरे गुडघ्याला बाशिंग बांधून तयार. माझा एक विद्यार्थी, हुशार पोरगा, रोज दारात. "मॅडम, फक्त ट्रेंड बघूया ना. थोडेसे कोड ओपन करू, म्हणजे लाइन बरोबर आहे का कळेल." मी म्हटलं, चालणार नाही. "पण मॅडम, चुकत असलो तर?" चुकत असलो तर चुकलो, शेवटी कळेल. "आत्ता कळलं तर काय प्रॉब्लेम आहे?" आणि आई, माझ्या तोंडून तुझा आवाज निघाला. म्हटलं, "आत्ता चाखलंस की तू तुझ्या जिभेला आवडेल तसं करणार. मग ते संशोधन कसलं? तुझा खाऊ झाला." त्याला मोदकाची गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी फ्रीजच्या दारावर मोठ्या अक्षरांत चिकटवलेलं, 'नैवेद्य आहे. कुणीही चाखू नये.' खास पुणेरी. तामिळनाडूची एक मुलगी आहे आमच्यात, तिला वाटलं फ्रीजमध्ये खरंच प्रसाद ठेवलाय.

हे सोपं नव्हतं गं. माझी अख्खी कारकीर्द त्या झाकलेल्या खुणांखाली होती. आणि त्याच्याहीखाली तुझा प्रश्न. मोह मला झाला नाही असं म्हणणार नाही. मैत्रिणीचा नंबर लावून पुष्कळदा ठेवून दिला. पण नाही चाखलं.

गेल्या महिन्यात खुणा उघडल्या. आमच्या मीटिंगच्या खोलीत सगळी पोरं भिंतीला टेकून उभी, मैत्रीण एकेक वाचतेय. माझा निकाल, मग खरं काय झालं. जुळलं. जुळलं. पुन्हा जुळलं. काही चुकले, तेही सांगते, नाहीतर तू विचारशीलच. पण चुकलेले थोडे, आणि जुळलेले इतके की पोरांनी शिट्ट्या मारल्या. तो विद्यार्थी टेबलावर डोकं ठेवून हसत होता की रडत होता, कुणास ठाऊक. मी जिंकले, आई! नाकातून हसणाऱ्या त्या गृहस्थांच्या लॅबमध्येही तीच तपासणी वेगळ्या गाठींवर केली होती, त्यांचंही जुळलं. त्यांचा दोन ओळींचा ईमेल आला, आपण बरोबर होता म्हणून. मी तो छापून फ्रीजवर लावला, नैवेद्याच्या पाटीखाली. मिरवते मी, मिरवू दे. आता उपचाराआधीच हे तपासून औषध ठरवायची चाचणी रुग्णांवर सुरू व्हायची आहे. ज्यांना ते औषध लागू पडणारच नाही त्यांना ते सोसावं लागू नये, निळा रुमाल बांधावा लागू नये, एवढ्यासाठी.

सगळे पेढ्यांकडे पळाल्यावर मैत्रिणीने खुर्ची ओढली. "आता नैवेद्य दाखवून झालाय. सांगू?" मी मान हलवली. "तुझ्या आईची गाठ तू 'लागणार नाही'मध्ये टाकली होतीस. बटण अडकलेलं. सगळ्यांत ठळक होतं ते." मी तिच्या हातातली यादी घेऊन स्वतः वाचली. मग विचारलं, "उपास केले नसते तर?" ती माझ्यावर खेकसली, "बाई, तूच शोधलंयस ना? उपाशी ठेवा नाहीतर जेवू घाला!"

तिथून मी तडक कात्रजला गेले. आत्या तिथे मुलाकडे असते, नव्वदीला आलीय, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत. गंमत ऐक. हल्ली तीच मला मोबाइलवर पाठवते, उपवास करा, कॅन्सर पळवा. "तुझ्याच विषयातलं आहे ना गं?" म्हणून वर विचारते. म्हणजे तेव्हा तुझ्या उपासांनी औषध लागलं नाही आणि आता उपासांनी औषधच लागत नाही! मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं, बशी, मेजवानी, बटण, तुझी गाठ. तिने ऐकून घेतलं. पदराच्या टोकाला पीळ घालत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी तेव्हा उगीच बोलले."

"हो," मी म्हटलं. "उगीच."

वाटलं होतं, हे म्हणताना फार बरं वाटेल. बरं वाटलंच. पण तिने डोळे पुसले आणि माझ्यावरच डाफरली, "मग मला काय सांगत बसलीस? तिला सांग ना."

म्हणून सांगतेय. नाही, आई. संकष्टी सोडायला नको होती. तू काहीही केलं असतंस, चारी ठाव जेवली असतीस, तरी ते औषध त्या गाठीला लागलंच नसतं. तुझं काहीही चुकलं नव्हतं. आणि कशावरून म्हणशील, तर माझ्या आयुष्यभराच्या कामावरून.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? राहील इथेच, वारज्याच्या या घरात, ओट्यावर. काल संकष्टी होती. मी देवधर्मातली नाही, तुला माहीत आहे, पण मोदक केले आणि चंद्र उगवल्यावर गच्चीत तुझ्या नावाने नैवेद्य दाखवला. एक मात्र कबूल करते. लॅबमध्ये इतकी वर्षं दम धरला, काल नाही धरवला. सारण मी आधी चाखून बघितलं. तुझ्यासाठी होतं ना, गूळ कमी पडून चाललं नसतं.