रिंगला न लागलेले दोन गुण

लिहून ठेवणार मी, वय अठ्ठावीस, शिक्षण विद्यापीठाच्या दुसऱ्या वर्षापर्यंत (ते दोनदा), धंदा परवापासून मालवाहू जहाजावर रंगारी. माझं डोकं ठिकाणावर आहे. कोणी धाक दाखवलेला नाही, नशापाणी केलेलं नाही, दोन कप चहा झाला आहे आणि तिसरा आई ठेवते आहे. अशा अवस्थेत मी हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. याआधी असं काही लिहिलेलं नाही. कुठे सापडलंच तर ते अक्षर माझं नाही असं समजावं.

मरायचा काही विचार नाही. जहाज कंपनीच्या फॉर्मवर 'वारस' असा बोटभर रकाना होता, त्यावरून हे सुरू झालं.

"एक नाव लिहा आणि पुढे सरका," खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

"आणि कोणाला काय द्यायचं ते कुठे लिहू?"

"आहे काय तुमच्याकडे?"

मी सांगायला लागलो. माझ्यामागे नऊ जण उभे होते. चौथ्या वस्तूला बाई म्हणाल्या, "रकान्यात आईचं नाव घाला. बाकीचं घरी जाऊन मृत्युपत्रात लिहा."

कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकाकांना विचारून आलो. ते म्हणाले, कलमं पाडा, खाडाखोड करू नका, दोन साक्षीदार घ्या, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नका. तेवढं पाळतो.

कलम १. घर. मला घर नाही. आईच्या घरातला माळा माझा समजला जातो, कारण तिथे दुसरं कोणी वाकून जात नाही. तो ताईच्या मुलीला द्यावा. ती अजून तीन फुटांची आहे, तिला दहाएक वर्षं पुरेल.

कलम २. बूट. डावा एका जोडीतला, उजवा दुसऱ्या. दोन्ही चांगले आहेत. ज्याला बसतील त्याचे.

कलम ३. स्कोअरबुकं, चार खंड, कापडी बांधणीची. इथे थोडं थांबून सांगावं लागेल, कारण उद्या सोमवारी अकरा वाजता विद्यापीठाच्या समितीची बैठक आहे. तिच्यापुढे असा ठराव आहे की एकेचाळीस वर्षांत एकही चषक न मिळवलेला पुरुष बास्केटबॉल संघ बंद करावा आणि कोर्टाच्या जागी वाहनतळ करावा. त्या संघाचा मी तीन वर्षं बारावा खेळाडू होतो, जर्सी नंबर चौदा. बारा नावं लागतात म्हणून मला घेतलं होतं, आणि हे कोणी लपवलंही नव्हतं.

ही पुस्तकं बाइंडरकाकांची. ते विद्यापीठाच्या ग्रंथालयात बांधणीचं काम करत आणि एकोणचाळीस वर्षं संघाचे स्कोअरर होते. दोन वर्षांपूर्वी गेले, जाताना पुस्तकं मला देऊन गेले. म्हणाले, "तुला वाचायची सवय नाही, म्हणजे नीट राहतील." मी चारही वाचली. दोनदा. अभ्यासाची पुस्तकं अशी असती तर मी आज प्राध्यापक असतो.

पहिल्या खंडात आहे की संघाची पहिली रिंग वर्कशॉपातल्या लोहाराने पिंपाच्या पट्टीची केली. ती दोन बोटं लहान होती. चार वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही. पोरं बिचारी नेम धरून धरून रडकुंडीला यायची. मग पहिल्यांदा बाहेरगावी खेळायला गेली आणि तिथल्या रिंगमध्ये जे टाकलं ते आत. काकांनी समासात लिहिलंय, 'आपली मुलं एकमेकांकडे घाबरून बघत होती.'

दुसऱ्या खंडात छप्पर गळायला लागतं. गळतीखाली, कोर्टाच्या डाव्या बाजूला, एक बादली ठेवलेली असायची आणि सगळे तिला वळसा घालून खेळायचे. इतकी सवय झाली, की दुसऱ्यांच्या कोर्टवर बादली नसतानाही आमचा खेळाडू तिथे पोचला की गर्रकन वळायचा. समोरच्याला कळायचंच नाही हा कोणाला चुकवतोय. त्या चालीला अजून 'बादली' म्हणतात. छप्पर दुरुस्त झालं त्या वर्षी आम्ही सगळे सामने हरलो.

चौथ्या खंडात मी आहे. एकाच पानावर.

सात वर्षांपूर्वीचा अंतिम सामना. संघ पहिल्यांदाच अंतिम फेरीत. तिघांचे पाच-पाच फाउल झाले, तिघांच्या पोटऱ्या धरल्या, एकाचा घोटा मुरगळला, असं करत करत पाळी माझ्यावर आली. नऊ सेकंद उरली होती. आम्ही एकसष्ट, ते साठ. कोच म्हणाले, "चेंडू आला तर कवटाळून बस. दुसरं काही करू नकोस."

आता, मध्यंतरानंतर बाजू बदलतात हे मला माहीत होतं. पण मध्यंतरात मी प्रेक्षकांतल्या एका काकूंची हरवलेली छत्री शोधत होतो, ती सापडेपर्यंत तिसरा भाग संपत आला होता, आणि माझ्या डोक्यात बाजू बदलायची राहून गेली. चेंडू आला. समोर मोकळं मैदान. कोणी अडवेना. मला वाटलं माझा वेग बघून सगळे थिजले. लांबूनच उडी मारून टाकला. चेंडू वर गेला, खाली आला आणि जाळी फक्त सळसळली.

तीन वर्षांत, सरावातसुद्धा, माझा चेंडू असा गेला नव्हता. मी दोन्ही हात वर करून धावलो. सगळ्यात आधी मला मिठी मारली समोरच्या संघाने. किती दिलदार पोरं आहेत, असं वाटलं.

रेफरी जवळ आला. नियम असा आहे की स्वतःच्या रिंगमध्ये मुद्दाम टाकली तर ती बास्केट धरत नाहीत. चुकून टाकली तर धरतात, आणि दोन गुण समोरच्या संघाच्या कॅप्टनच्या नावावर लिहितात.

"मुद्दाम टाकलीस का?" रेफरीने विचारलं.

मागून कोच ओरडत होते, "मुद्दाम म्हण! मुद्दाम!"

मी म्हणालो, "नाही सर. अगदी मनापासून टाकली."

एकसष्ट-बासष्ट. तेव्हापासून मला विद्यापीठात 'उलट्या' म्हणतात. नवीन माणसाला वाटतं पोटाचा विकार आहे.

कलम ४. शिट्टी. ही कोचनी त्या दिवशी मला फेकून मारली. ती त्यांना परत द्यावी. सात वर्षं ते माझ्याशी बोललेले नाहीत, दुकानात दिसलो तर डाळीच्या पोत्यांमागे जातात. त्यांच्यावर माझा राग होता, तो मी या कलमाने काढून टाकत आहे. शिट्टी चांगली वाजते. पोत्यांमागून वाजवली तरी ऐकू येईल.

कलम ५. समोरच्या संघाचा कॅप्टन. याला काही द्यायचं नाही. माझे दोन गुण त्याच्या नावावर गेले, त्यामुळे एका गुणाने तो स्पर्धेत सर्वाधिक गुणांचा खेळाडू ठरला, त्यावर खेळाडूंसाठी राखीव जागेतून त्याला टपाल खात्यात नोकरी लागली, आणि आभार मानायला तो आमच्या घरी आला तेव्हा दार ताईने उघडलं. आता ते माझे भावोजी आहेत. गुण नेले, ताईलाही नेलं, आणखी काय न्यायचं राहिलंय. म्हणून त्यांना साक्षीदार केलं आहे.

कलम ५ अ. (हे आधी यायला हवं होतं.) गेल्या बुधवारी क्रीडा संचालक घरी आले. नवीन आहेत, माणूस वाईट नाही, पोरांसाठी खरंच धडपडतोय. सोबत टाइप केलेला कागद होता: 'सदर बास्केट मी हेतुपुरस्सर टाकली होती.'

"दोन ओळी आहेत," ते म्हणाले. "आयोजकांचे अध्यक्ष माझे वर्गमित्र. हे पत्र मिळालं की ते निकाल फिरवतील. आपण विजेते. समितीचं तोंड बंद, संघ वाचला."

"आणि बास्केट?"

"कसली बास्केट?"

"माझी."

"ती बाद होईल ना. ती बाद व्हावी म्हणून तर सही."

भावोजी तिथेच बसले होते. ते म्हणाले, "माझा विचार करू नका मेहुणेबुवा. नोकरी पक्की झाली आहे, गुण गेले तरी टपाल थांबणार नाही."

मी पेन हातात घेतलं. खरं सांगतो, टोपणही काढलं. आठ पोरं त्या कोर्टवर खेळतात. माझ्या एका सहीने त्यांचं कोर्ट राहणार असेल, तर मी कोण लागून गेलो? पण चौथा खंड माळ्यावरून काढून ते पान पुन्हा बघितलं. काकांनी नियमाप्रमाणे दोन गुण भावोजींच्या ओळीत लिहिलेत. आणि समासात, शिसपेन्सिलीने, बारीक: 'टाकणारा १४. रिंगला स्पर्श नाही.'

एकोणचाळीस वर्षांत हे त्यांनी दुसऱ्या कोणाच्याही बास्केटपुढे लिहिलेलं नाही. मी चारही खंड तपासले आहेत.

"पोरांना विचारून सांगतो," असं म्हणून मी सटकलो.

पोरं सराव करत होती. कॅप्टन म्हणजे एक उंच, चष्म्याला मागून दोरी बांधलेला मुलगा. सगळं ऐकून तो म्हणाला, "दादा, तुम्ही तेच का? उलट्या?"

"तोच."

"या इकडे."

कोर्टवर एका जागी पांढऱ्या रंगाची फुली होती. संघात नवीन आलेल्याने पहिल्या दिवशी त्या फुलीवरून चेंडू टाकायचा, तोही आपल्याच रिंगमध्ये. गेला की हात वर करून धावायचं, बाकीच्यांनी मिठी मारायची. त्याशिवाय जर्सी मिळत नाही. कोणी सुरू केलं, माहीत नाही. माझ्या डोळ्यांत काहीतरी गेलं, धूळ फार आहे तिथे.

"सही करू नका," कॅप्टन म्हणाला. "ती बाद झाली तर आम्ही सगळेच बाद."

"अरे, पण कोर्ट जाईल तुमचं."

"बघू. आणि खोटा चषक आणून ठेवायचा कुठे? चषक नाही म्हणून आम्हाला कपाटसुद्धा दिलेलं नाही. एकेचाळीस वर्षांत एक नाही."

"एक आहे की," मी म्हणालो.

सगळे थांबले. चेंडू एकटाच टप्पे खात कोपऱ्यात गेला.

कलम ६. उपविजेत्यांचा चषक. अंतिम सामन्यात हरणाऱ्यालाही चषक देतात. कोचनी तो रागाने बसच्या सीटखाली ढकलला होता, मी उचलून घरी आणला. लाजेने कोणाला सांगितलं नाही, विद्यापीठाच्या दफ्तरात त्याची नोंद नाही. सात वर्षं तो आईच्या ओट्यावर आहे. त्यात झारे, पळ्या आणि उलथणी असतात.

हा चषक मी विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघाला देतो. यासाठी माझ्या मृत्यूची वाट पाहू नये. तो उद्या पावणेअकराला न्यावा. समितीने म्हटलंय 'एकही चषक नाही'. त्यांनी विजेतेपद मागितलेलं नाही, चषक मागितलाय. त्यावर समितीला काय करायचं ते करू दे, पण त्यांचं ते वाक्य तरी खोटं पडेल, आणि माझं खरं राहील.

आईची हरकत आहे.

"आणि माझे झारे?"

"दुसरं भांडं घे की."

"दुसरं कलंडतं. याला दोन कान आहेत, बूड जड आहे. असं भांडं आता मिळत नाही."

"आई, तो चषक आहे."

"मला नको शिकवूस. सात वर्षं चिंचेने घासलाय मी तो. त्या समितीने एकदा तरी घासलाय का?"

मग चषकातले झारे बाहेर काढत म्हणाली, "मीच घेऊन येते. तुझ्या हातून वाटेत छत्री-बित्री शोधण्यात राहील." आत्ता ती तो पुसते आहे. झारे माझ्या चहाच्या कपात आहेत, त्यामुळे तिसरा चहा झालेला नाही.

कलम ७. आईला माझा कप. जड आहे, कलंडत नाही.

कलम ८. संघ राहिला तर चारही खंड संघाच्या कपाटात ठेवावेत, चषकाशेजारी. संघ बंद झाला तर पोरांनी पान्यांचा माझा डबा घेऊन (तो याच कलमाने, साक्षीदार कॅप्टन सोडून, बाकीच्यांना दिला) ती रिंग काढावी आणि वाहनतळाच्या भिंतीवर कुठेही लावावी. खाली गाड्या असल्या तर बादलीसारखा वळसा घालावा.

कलम ९. संचालकांचा कागद सही न करता परत करत आहे. मागच्या कोऱ्या बाजूवर हे मृत्युपत्र लिहायला सुरुवात केली होती, तेवढं त्यांनी समजून घ्यावं.

जहाज रंगवताना दोरीवरून पडलोच, तर रडत बसू नये. फुलीवर जावं, एक चेंडू टाकावा.

वाचून पाहिलं, बरोबर आहे. खाडाखोड एक आहे, ती चहाची.

ठिकाण: आईचा ओटा. तारीख: बैठकीच्या आदला रविवार, सकाळ.

सही: चौदा नंबर

साक्षीदार १: संघाचा सध्याचा कॅप्टन. माझ्यासमोर सही केली. चष्मा लावून पाहिली.

साक्षीदार २: भावोजी. माझ्यासमोर सही केली. नियमाप्रमाणे मला यातून काही मिळालेलं नाही. साक्षीदाराने काही देऊ नये असा नियम नाही, हे टायपिस्टना विचारून आलो. म्हणून लिहून देतो की अंतिम सामन्यातले माझ्या नावावरचे शेवटचे दोन गुण मी टाकलेले नाहीत, ते चौदा नंबरचे आहेत. चेंडू गेला तेव्हा मी बुटाची नाडी बांधत होतो. पण जाळीचा आवाज ऐकला. रिंगला लागला नव्हता.