चांद्याचा फोटो

शहादे, ता. १० ऑक्टोबर १९२६

ती. स्व. बन्सीलाल मामा यांचे सेवेशी,
भाचा लोटन याचा कृ. सा. न. वि. वि.

मामा, शाळेतली मास्तरकी सोडली. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली तेव्हा वाटले, गप्प होती तेच बरे. येत्या सारंगखेड्याच्या दत्ताच्या यात्रेत मी तंबू ठोकून फोटो काढणार आहे. घोडे बघायला कुठकुठून लोक येतात, त्यातले निम्मे तरी पेटीसमोर बसतील.

तुम्ही पंधरा वर्षे सुरतेला फोटोसामानाच्या दुकानात आहात. सोबत यादी पाठवली आहे. कॅमेरा, भिंग, तिपाई, काचेच्या प्लेटा, औषधे, लाल दिवा, महाल रंगवलेला पडदा, आणि पुस्तकात वाचले म्हणून भिंगापुढे लावायची ती पिवळी काच व रंग ओळखणाऱ्या प्लेटा. एवढे सगळे घेण्याची ऐपत नाही. काय ठेवावे, काय खोडावे, तुम्हीच सांगा. पडदा मात्र खोडू नका.

बहीण जमनाबाई हिचे यजमान जालमसिंग दाजी यांना त्यांचा घोडा चांद्या विकायचा आहे. पहिला फोटो त्याचाच काढीन म्हणतो. आता मागे फिरायची सोय नाही, एवढे जाणून उत्तर लवकर द्यावे.

आपला,
लोटन


सुरत, ता. १६ ऑक्टोबर १९२६

चि. लोटन यास बन्सीलाल मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

यादी वाचली आणि हसून हसून खोकला लागला. अरे, तू फोटो काढणार आहेस की नाटक कंपनी? अंथरूण पाहून पाय पसरावेत, बाबा.

भिंगावर हात आखडू नकोस. बाकी कॅमेरा म्हणजे सुताराने केलेली पेटी, बघतं ते भिंग. तिपाई जड घे. यात्रेत धक्के बसतात आणि हलक्या तिपाईवरची माणसं भुतासारखी दुहेरी येतात. प्लेटा धुवायला चिनी मातीची तसराळी दोन पुरेत. डोकं टेकवायचा लोखंडी दांडा खोडला, खानदेशी माणूस भिंगासमोर आपोआप खांबासारखा उभा राहतो.

आता पडदा, नाहीतर पिवळी काच आणि त्या महागड्या प्लेटा. दोन्ही जमणार नाही. साध्या प्लेटेला तांबडं-पिवळं काळपट दिसतं, हे खरं. पण फोटो शेवटी काळा-पांढराच. लुगड्याचा रंग विचारायला कोण येणार आहे तुझ्याकडे? तुझ्या दाजींचा घोडाही काळाच. काळ्याला काळं दिसलं तर बिघडलं काय? तेव्हा काच आणि त्या प्लेटा मी खोडल्या. घे तुझा महाल!

माझ्या ताईला म्हणावं, पोरगा वाया गेलेला नाही, फक्त थोडा चळला आहे. तुझ्या उद्योगावर माझा लोभ आहेच, तो फुकट जाऊ देऊ नकोस.

बन्सीलाल


शहादे, ता. २६ डिसेंबर १९२६

ती. स्व. मामांचे सेवेशी कृ. सा. न. वि. वि.

यात्रा पार पडली. पाच दिवसांत मान वर करायला फुरसत झाली नाही. तुमचे भिंग म्हणजे सोने आहे. महालासमोर बसायला तर रांग लागली होती.

चांद्याच्या फोटोची मात्र गंमत झाली. तुम्ही त्याला शिंगरू असताना पाहिले होते. आता काळाभोर, कपाळावर पांढरा चांद, चारी पाय पांढरे, अस्सल पंचकल्याणी. मी तिपाई मांडली आणि जमनाबाई आडवी आली. एवढ्या देखण्या जनावराला पेटीतून बघितले तर दृष्ट लागणारच, असे म्हणून तिने हळद कालवली आणि चांदावर व चारी पायांवर जाड लेप दिला. दाजी हसले, मी हसलो. लेप ओला असतानाच फोटो काढला.

फोटो फार सुरेख आला. आमच्या पेठेतले कापडाचे व्यापारी घेवरचंद शेठ दूरच्या एका जहागीरदारांसाठी घोडा शोधत होते. त्यांना घोड्यातले काही कळत नाही आणि यात्रेलाही ते आले नव्हते. फोटो मी परस्पर त्यांच्या दुकानी नेऊन दिला. त्यांनी तो जहागीरदारांना पाठवला आणि त्यांनी नुसत्या फोटोवर घोडा पसंत केला! संक्रांतीनंतर दोंडाईच्याहून रेल्वेने चांद्या जाईल. खरेदीच्या कागदावर घोड्याचे वर्णन नाही. फोटोबरहुकूम, एवढेच लिहिले आहे.

आई आता माझ्याशी बोलते. तुमच्या आशीर्वादाची गरज अजून संपलेली नाही.

आपला,
लोटन


ब्राह्मणपुरी, ता. ३ फेब्रुवारी १९२७

ती. स्व. बन्सीलाल मामांस,
जमनाबाईचा शिरसाष्टांग नमस्कार.

मामा, क्षेम काय लिहू? तुमच्या जावयाला फौजदाराने धरून नेले, त्याला आज दहा दिवस झाले. शहाद्याच्या कचेरीतल्या कोठडीत आहेत. माझ्या हातची भाकर जाते, ती परत येते.

जहागीरदाराला बग्गीसाठी जोड हवी होती. त्याच्याकडे एक घोडा होता निखळ काळा, दुसराही तसाच हवा. चांद्या उतरला तर कपाळावर चांद आणि चारी पाय पांढरे, म्हणून त्याने परत धाडला. फोटोत यातलं एकही नाही. मी पाहिला तो फोटो, फौजदाराच्या टेबलावर. कपाळ काळं ठिक्कर! घेवरचंद शेठ म्हणतात, पांढरं दिसू नये म्हणून यांनी काजळ फासून फोटो काढला आणि फसवलं. मी शंभरदा सांगितलं की हळद होती, माझ्या या हातांनी लावली. सगळी कचेरी हसली. फौजदार म्हणाला, बाई, पिवळी हळद काळी कधीपासून झाली?

अहो, पंचकल्याणी म्हणजे घराचं भाग्य, ते कुणी काजळाने पुसेल का? सगळं गाव त्याला चांद्या म्हणतं, चांद नसता तर काय बघून म्हणालं असतं? पण गाव आमचं, म्हणून गावाची साक्ष खोटी. चौदा तारखेला मामलेदारांपुढे उभं करणार आहेत. शिक्षा झाली तर वर्षभर तरी आत जातील आणि या घराचं जनावर सारंगखेड्याच्या बाजारात पुन्हा कुणी हाती धरणार नाही.

आणि तुमचा भाचा? तीन वेळा निरोप धाडला. शेजारच्या दिवलीबाईला पाठवली, तर हा मागच्या दाराने गेला. मामा, मन्हा भाऊ शे का वैरी शे हाऊ? तठे काय करी ऱ्हायना तो? फोटो त्याने काढला. हळद काळी कशी झाली हे त्याला ठाऊक नसेल तर कुणाला असेल? त्याला बोलता करा. माझं दुसरं माहेर तुम्हीच आहात.

जमना


सुरत, ता. ७ फेब्रुवारी १९२७

चि. लोटन यास आशीर्वाद.

आज थट्टा नाही. जमनाचं पत्र वाचलं. हळद काळी झाली ती माझ्यामुळे. साध्या प्लेटेला पिवळं काळं दिसतं हे मला माहीत होतं, तुलाही लिहिलं होतं, आणि तरी शहाणपणा करून मी ती काच खोडली. गाढव मी आहे.

गुडघे सुजलेत, मला येववत नाही. नंदुरबारला जाणाऱ्या आमच्या दुकानातल्या धनसिंगबरोबर पेटी पाठवतो आहे. त्यात पिवळी काच आहे आणि रंग ओळखणाऱ्या प्लेटा. दुकान पालथं घातलं, चारच निघाल्या. कसंही कर, पण मामलेदारांच्या डोळ्यांदेखत हे कर. घोडा मुद्देमाल म्हणून कचेरीत बांधलेला असेलच. त्याला तशीच हळद लाव. एक फोटो साध्या प्लेटेवर, लगेच दुसरा पिवळ्या काचेतून या प्लेटेवर. नुसती साधी प्लेट दाखवलीस तर शेठचा वकील म्हणेल की धुताना काळी केली. पण एका हळदीची एक काळी आणि एक उजळ निघाली, तर दोष माणसाचा नाही, प्लेटेचा.

नीट वाच. काचेमुळे उजेड अडतो, म्हणून चौपट वेळ भिंग उघडं ठेव. तेवढा वेळ घोडा हलता कामा नये. या प्लेटा तुझा लाल दिवाही खातात, त्याच्या उजेडानेही काळवंडतात. दिव्यावर आणखी दुहेरी लाल कापड बांध आणि तसराळं झाकून धुव. आधी दोन प्लेटांवर हात बसव.

आणखी एक. साहेब विचारतील, फोटोत चांद नाही, हे धुताना तुला कळलं नाही का? नाही म्हण. नवखा आहे म्हण. खापर माझ्यावर फोड, मी लेखी कबूल करतो. कळलं होतं म्हणालास तर तूही दाजींशेजारी उभा राहशील. बहिणीच्या दारात जा आधी. तिच्यावरची तुझी माया मला ठाऊक आहे, पण ती तिला दिसू दे.

बन्सीलाल


शहादे, ता. १३ फेब्रुवारी १९२७

ती. स्व. मामांस कृ. सा. न. वि. वि.

पेटी मिळाली. एक प्लेट वाटेतच तडकली होती. दोन मी सराव करताना घालवल्या. पहिली दिव्याने काळवंडली, दुसरीत सरावासाठी उभे केलेले वासरू हलले. एकच उरली आहे. मामलेदारांनी त्यांच्यापुढे फोटो काढण्याचा अर्ज मंजूर केला. चांद्या दाजींखेरीज कुणाजवळ शांत उभा राहत नाही, म्हणून दाजींना कोठडीतून बाहेर आणून लगाम त्यांच्याच हाती देणार आहेत.

जमनाबाईकडे जाऊन आलो. तिने दार उघडले, पाणी दिले आणि चुलीकडे वळली. तिला सांगायचे ते मला सांगता आले नाही, तुम्हाला लिहितो.

मला कळले होते, मामा. प्लेट धुतली त्याच दिवशी कळले. कपाळावर चांद नव्हता. आधी वाटले, हळदीने झाकला असेल. मग वाटले, असाच जास्त देखणा दिसतो. फोटो दुकानी नेला तेव्हा घेवरचंद शेठ मोठ्याने म्हणाले, अंगावर एक डाग नाही, जहागीरदारांना असाच हवा होता. मी तिथेच उभा होतो. तोंड उघडायला ती वेळ होती. पण त्यांनी माझी पाठ थोपटली, जहागीरदारांना माझे नाव कळवतो म्हणाले, आणि मी गप्प बसलो. शेठ खोटे बोलत नाहीत आणि दाजीही नाहीत. खोटा मी आहे.

उद्या नाही म्हटले तर सगळेच सुटतो, असे तुमचे म्हणणे. उद्या तोंडातून काय निघेल, देवाशपथ मला ठाऊक नाही. मला शिव्या दिल्यात तरी चालतील, पण पत्र पाठवत राहा.

आपला,
लोटन


शहादे, ता. ५ मे १९२७

ती. स्व. मामांस जमनाचा शिरसाष्टांग नमस्कार.

ते सुटले एवढं तारेने तुम्हाला कळलंच. बाकीचं लिहायला माझा हात होत नव्हता. आज माहेरी बसून लिहिते आहे.

त्या दिवशी कचेरीच्या आवारात माणूस मावत नव्हतं. हळद मीच कालवली, साहेबांनी ती बोटाने चोळून पाहिली. हे बाहेर आले, दाढी वाढलेली, सदरा खांद्यावरून लोंबणारा. चांद्याने यांच्या छातीवर तोंड घासलं आणि लेकरासारखा उभा राहिला. लोटनने साधी प्लेट काढली. मग काच लावून दुसरी. मोठ्याने आकडे मोजले त्याने. घोडा हलला नाही आणि हेही नाही. अंधाऱ्या खोलीत साहेबांचा कारकून त्याच्याबरोबर गेला. प्लेटा वाळवून, कागदावर उतरवून बाहेर यायला दुपार झाली. एकात कपाळ काळं, दुसऱ्यात चांद लख्ख. घेवरचंद शेठनी दोन्ही फोटो बराच वेळ पाहिले, पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि म्हणाले की तक्रार मागे घेतो.

तिथंच संपलं असतं. पण साहेबांनी विचारलंच, पहिल्या वेळी तुझ्या लक्षात आलं नव्हतं का? तुम्ही त्याला नाही म्हणायला सांगितलं होतं, हे मला मागाहून कळलं. तो म्हणाला, आलं होतं. शेठपुढे गप्प बसलो, तेही सांगितलं. साहेबांनी सगळ्यांदेखत त्याची अशी हजेरी घेतली की मला खाली बघवेना आणि वर बघवेना. शेठ म्हणाले, पोराला माझ्याकडून माफी आहे. पण लोकांनी ऐकलं ते ऐकलं. लग्नसराई अर्धी सरली, त्याच्या दारात कुणी फिरकलं नाही.

मामा, खरं सांगते, त्याचा खरेपणा मला गोड लागला नाही. मार्गशीर्षात माहीत होतं ते माघात बोलला. मधले एकवीस दिवस माझ्या माणसाने भिंतीकडे तोंड करून काढले. अजून हे दार लावून झोपत नाहीत. मी ठरवलं होतं, यंदा आखाजीच्या सणाला माहेरी जायचं नाही. न्यायला कोण येतो मुऱ्हाळी बघू म्हटलं.

आला. उन्हातून चालत आला, गाडी नाही, बैल नाही. होते ते विकून आईचं औषधपाणी केलं म्हणे. अंगणात उभा राहिला, बस म्हटलं तरी बसेना. मी चुलीपुढून उठले नाही. यांनी त्याच्याशी कोठडीतून सुटल्यापासून शब्द बोललेला नव्हता. हे उठले, आमची गाडी बाहेर काढली, बैल जुंपले आणि माझी पेटी आणून आत ठेवली. मग कासरा त्याच्या हातात दिला.

मी गेले. न जाऊन काय करते? पण त्याच्याशी बोलायचं नाही हे पक्कं होतं. तो पुढे, मी मागे, ऊन असं की बैलांच्या तोंडाला फेस. वाटेत कुठे थांबू का, हेही त्याने विचारलं नाही. माझी हिंमतच झाली नाही त्याच्या पाठीकडे बघायची, इतकी ती वाळली आहे. शहाद्याअलीकडची लोणखेड्याची झाडं दिसायला लागली, तोपर्यंत मी तोंड मिटून धरलं. मग माझ्याच्याने राहवेना, मामा. विचारलं, जेवना का रे भाऊ?

त्याने मान हलवली, नाही म्हणून. फडक्यात यांनी बांधून दिलेल्या भाकरी होत्या. मला एक पुरते, हे यांना ठाऊक आहे. तीन होत्या.

जमना