बस स्टँडवरचा मयताचा कागद

२४ सप्टेंबर

डोन्चेवा बाईंनी सरळ बोट दाखवलं — "ओगी, तू रालित्सा आणि बिसेरबरोबर. म्हणजे तिघांत दोघं तरी शहाणी असतील." सगळा वर्ग हसला. मीही हसलो. काय करणार!

काम असं — एका सिनेमाची फक्त सुरुवात करायची. दोन मिनिटं. पुढचा सिनेमा नाहीच. "बघणाऱ्याला पुढचं बघावंसं वाटलं पाहिजे," बाई म्हणाल्या. आणि मग माझ्याकडे बघून — "यात नापास, तर वर्षात नापास." शाळेच्या घंटेचं प्रकरण त्या विसरलेल्या नाहीत. मी ती चोरली नव्हती. फक्त हलवली होती.

रोज नोंद ठेवायची, असंही सांगितलंय. बाईंसाठी वेगळी वही केली — स्वच्छ अक्षर, सगळं खोटं. ही खरी.

२९ सप्टेंबर

बिसेरला भूत पाहिजे. रालित्साला रडणारी मुलगी पाहिजे, आणि ती मुलगी ती स्वतः. तीन तास भांडलो.

परत येताना खांबावर मयताचा नवा कागद दिसला. फोटो, नाव, "दुःखी कुटुंबीय". आमच्या गावात दारांवर, झाडांवर, खांबांवर असे इतके कागद आहेत की रस्त्यावर दिसतात त्याहून जास्त ओळखीची तोंडं त्यांच्यावरच दिसतात. अर्धं गाव कागदावर, उरलेलं अर्धं स्पेनमध्ये कामाला.

आणि सुचलं! म्हातारा सकाळी पाव आणायला निघतो. खांबावर कागद. जवळ जाऊन बघतो — फोटो त्याचाच. पुढच्या खांबावरही तोच. मग सगळ्याच खांबांवर. मग सिनेमाचं नाव. खलास!

बिसेर म्हणाला, "ओगी, तुझ्या डोक्यात हे येतं कुठून रे?" रालित्सानं वहीतली रडणारी मुलगी खोडली. म्हणजे आवडलं.

२ ऑक्टोबर

म्हातारा मिळाला. आमच्या वरच्या मजल्यावरचे स्तामेन आजोबा. पूर्वी नदीवरच्या फेरीबोटीवर मेकॅनिक होते. एकटेच असतात. मी लहान असल्यापासून त्यांच्या दाराची कडी वाजवून पळतोय, म्हणून विचारायला रालित्साला पुढे केलं.

आजोबांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे मी मरायचं नाही. फक्त वाचायचं?"

"हो, फक्त वाचायचं."

"मरणं सोपं असतं गं पोरी. तू अवघड काम दिलंस." आणि डब्यातून फोटो काढून दिला. मिशीवाला, तरणाबांड.

मी म्हणालो, "नाव आम्ही दुसरं टाकू, आजोबा. खोटं."

"माझ्या तोंडाखाली दुसऱ्याचं नाव? मी काय चोर आहे? माझंच टाक, गाढवा!"

टाकलं. रालित्साने घरी बारा कागद छापले. तारीख ११ ऑक्टोबरची, शूटिंगच्या आदल्या दिवसाची. खरं वाटायला नको?

१२ ऑक्टोबर, शनिवार

शूटिंग. अंग मोडून आलंय, पण लिहितोच.

सकाळी सहाला कागद चिकटवले. अकरा खांबांवर, बारावा बस स्टँडवर. आजोबा नवा कोट घालून आले. "रोज असंच जाता का पाव आणायला?" म्हटलं. "रोज माझा फोटो काढतात का?" म्हणाले.

पहिल्या शॉटमध्ये कॅमेऱ्याकडे बघून हसले. दुसऱ्यात पिशवी डाव्या हातात, तिसऱ्यात उजव्या. चौथ्यापर्यंत पावाचा शेंडा गायब — भूक लागली म्हणून खाल्ला. रालित्सा किंचाळली, "आजोबा, तो पाव आधीच्या शॉटमध्ये अख्खा होता!" बिसेर धावत दुसरा घेऊन आला.

पण एक शॉट वेगळाच आला. आजोबा कागदासमोर उभे राहिले आणि त्यांनी टोपी काढली. आम्ही सांगितलं नव्हतं. मयताच्या कागदासमोर काढायची सवय — हात आपोआप गेला. स्वतःच्याच तोंडासमोर, टोपी छातीशी धरून, उघड्या डोक्यानं. रालित्सा कट म्हणायची विसरली.

कागद काढायचं काम माझ्याकडे. अकरा काढले. बस स्टँडवर गेलो तर बाकावर एक म्हातारी बसलेली. मी कोपरा खरवडायला लागलो तशी पिशवी घेऊन पाठीत धपाधप! "मेलेल्याचा कागद फाडतोस? लाज आहे का काही? तुझा कोण फाडेल रे!"

मयताचा कागद फाडत नाहीत. वारा-पाऊस काय करेल ते करेल, माणसानं हात लावायचा नाही. माहितीय मला. पण हा खोटा आहे हे तिला कसं सांगू? स्पेनची बस उभी होती, बायका सामान चढवत होत्या, सगळ्या माझ्याकडेच बघायला लागल्या. निघून आलो. म्हटलं उद्या काढू.

खरं लिहायचं तर — थोडी गंमतही वाटली. राहू दे एक, बघू काय होतं.

१३ ऑक्टोबर

झालं! बेकरीवाली आजोबांना बघून मटकन खाली बसली. दुपारपर्यंत गावभर हसू. कागद मी जाऊन काढला. आईनं दोन ठेवून दिल्या. "मेल्या, जित्या माणसाला मारतोस?" आजोबाच मध्ये पडले — "राहू दे गं वेस्का. इतकी माणसं मला हात लावून कधी बघत होती?"

१५ ऑक्टोबर

नीट लिहितो.

आई कामावर. आजोबा आमच्या स्वयंपाकघरात. मी त्यांना जोडलेले शॉट दाखवत होतो. फोन वाजला — घरचा, जुना. त्याचा रिसीव्हर तुटलाय, बटण दाबून स्पीकरवर, सगळ्यांसमोरच बोलावं लागतं.

"वेस्का काकू?"

"नाही, मी ओगी. त्यांचा मुलगा."

"ओगी... मी गेलो तेव्हा तू टेबलाएवढा होतास. मी ल्युबेन. वरच्या स्तामेनचा." मागे ट्रकचा आवाज. "बसमधून आलेल्या बाईनं फोटो दाखवला. बस स्टँडवरच्या कागदाचा."

मी म्हणणार होतो — खोटा आहे तो! तोंड उघडलंही होतं. आजोबांनी माझं मनगट धरलं. मेकॅनिकचा हात, अजून लोखंड. दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर.

"पुरायला मी येणार नाही. का ते त्याला माहीत होतं. आईशेजारी ठेवा, एवढं काकूंना सांग."

"बरं."

"ओगी. त्रास झाला का रे त्याला?"

आजोबा माझ्याकडे बघत होते. मी आयुष्यात हजार वेळा खोटं बोललोय, हे पहिलंच जड गेलं.

"नाही," म्हणालो. "पाव आणायला निघाले होते."

पलीकडे नुसता ट्रक. मग फोन बंद.

मी लगेच नंबर शोधायला लागलो. आजोबा म्हणाले, "बस खाली."

मग सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी आजी गेली. ल्युबेन स्पेनहून पोचला तेव्हा माती टाकून झाली होती. "बस वाटेत बंद पडली होती, हे मला नंतर कळलं. पण मी त्याला कबरीपाशी, सगळ्यांसमोर म्हणालो — मला पुरायला येऊ नकोस. आलास तर खड्ड्यातून उठून हाकलीन. बघ, शब्दाचा पक्का निघाला. माझ्यावरच गेलाय."

"आजोबा, फोन करू या. आत्ता. मी सांगतो माझी चूक—"

"आणि काय सांगशील? बाप जिवंत आहे, अजून एकदा मरायचा आहे, तेव्हाही येऊ नको? आता सुटला तो. राहू दे सुटलेला." मग टेबलावरचा पाव पुढे सरकवला. "हात ठेव. मी जिवंत आहे हे तू त्याला सांगणार नाहीस. कुणाकडून सांगवणार नाहीस. आईलाही हा फोन कळता कामा नये."

पावावर हात ठेवून घेतलेली शपथ माझ्यासारख्यालाही मोडता येत नाही.

ठेवला.

२१ ऑक्टोबर

वर्गात फिल्म दाखवली. टोपीच्या शॉटला कुणी हललं नाही. बाईंनी दिवा लावला आणि डोळे पुसले. "ही टोपी काढायची कल्पना कुणाची?"

रालित्सा काही बोलायच्या आत मी म्हणालो, "माझी."

साडेपाच मार्क. सहापैकी. जन्मात मिळाले नव्हते. घरी येऊन जेवलो नाही.

२६ ऑक्टोबर

आजोबा दार उघडत नाहीत. पाव मीच आणतो, दाराच्या मुठीला अडकवतो. दुसऱ्या दिवशी पिशवी तिथंच.

२ नोव्हेंबर, शनिवार

आज मयतांचा शनिवार. सगळं गाव कबरस्तानात — मेणबत्त्या, वाईन, साखर घातलेले उकडलेले गहू. आजोबाही आले. किती वाळलेत! आजीच्या कबरीशेजारी त्यांची जागा राखून ठेवलीय, दगडावर नावही कोरलंय, फक्त शेवटचं साल मोकळं. ते त्या मोकळ्या जागेवर बोट फिरवत होते.

मागे दोघी बायका बोलत होत्या — "चाळिसाव्याला तरी येईल का गं तिचा पोरगा?" माणूस गेला की चाळिसाव्या दिवशी घरी जेवण असतं, त्याबद्दल. दुसऱ्याच कुणाचं चाललं होतं. पण माझ्या डोक्यात काहीतरी खटकन बसलं.

आजोबा म्हणाले होते पुरायला येऊ नकोस. चाळिसाव्याला येऊ नकोस असं कुठं म्हणाले होते?

आणि मी शपथ घेतली ती ते जिवंत आहेत हे न सांगण्याची. ते मेलेत, हे परत एकदा सांगायला काय हरकत आहे?

रालित्साला तिथंच बाजूला ओढून सगळं सांगितलं. फोन, शपथ, सगळं. शपथेत ती बसत नाही, ती काही ल्युबेनला सांगणार नाही.

"म्हणजे तुला अजून एक कागद पाहिजे."

"हो."

"पहिला चुकून राहिला, ओगी. हा मुद्दाम. हा जास्त वाईट आहे."

"माहितीय."

"तो तीन दिवस बसमध्ये रडत येईल."

"माहितीय गं!"

तिनं कलंडलेली मेणबत्ती सरळ केली आणि म्हणाली, "मजकूर सांग."

'स्तामेन यांना जाऊन चाळीस दिवस होत आहेत. जेवण राहत्या घरी, शनिवार १६ नोव्हेंबर, सकाळी अकरा. त्यांना ओळखणाऱ्या सगळ्यांनी यावं.' चाळिसावा दिवस खरा मंगळवारी येतो, पण लोक आधीच्या शनिवारीच करतात. एकच प्रत छापली. चिकटवली नाही. दुपारी स्पेनच्या बसच्या ड्रायव्हरच्या हातात दिली. गेन्चो त्याचं नाव. डबे, लोणची, पत्रं, सगळं तोच पोचवतो.

"ल्युबेनला? स्तामेनच्या?" घडी उघडून वाचलं आणि टोपी काढली. तो गावात फक्त बस फिरवण्यापुरता थांबतो, त्याला काहीच माहीत नाही. "देव भलं करो म्हाताऱ्याचं. देतो मी त्याच्या हातात."

बस वळेपर्यंत उभा होतो. ओरडून थांबवावी असं दोनदा वाटलं.

५ नोव्हेंबर

बस पोचली असेल.

९ नोव्हेंबर

गेन्चो परतला. विचारलं. "दिला. वाचला, खिशात घातला. बोलला काहीच नाही."

"येतो म्हणाला का?"

"अरे, बोललाच नाही म्हणतोय ना!"

१२ नोव्हेंबर

आईला सांगितलं. फोनचंसुद्धा. शपथ मोडली, तेवढी मोडली. मारेल असं वाटलं होतं. ती खुर्चीवर बसली. म्हणाली, "आणि तो खिडकीतून आपला बाप बघून जागच्या जागी गेला तर? आणि आलाच नाही तर? तर स्तामेन दुसऱ्यांदा मेला, आणि या वेळी तू मारलास."

मग उठून डब्यातले गहू मोजायला लागली. म्हटलं, "हे कशाला?"

"अकरा वाजता जेवण लिहिलंयस ना? मग कुणीतरी करायला नको?"

१५ नोव्हेंबर

आज स्पेनची बस आली. तेरा माणसं उतरली. सगळी बघितली. तो नव्हता.

उद्याच्या जेवणाबद्दल आजोबांना माहीत नाही. आई म्हणते, गहू उकडायचे, वर न्यायचे, खरं सांगायचं, आणि पायावर डोकं ठेवायचं. ठेवीन.

१६ नोव्हेंबर

मोटार घेऊन आला. तीन दिवस एकट्यानं चालवत. टक्कल पडलंय. काळा शर्ट, हातात सहा फुलं. मी खालच्या पायरीवर बसलो होतो, आईचे गहू अजून शिजत होते. त्यानं वरची बेल दाबली.

बेलशेजारच्या स्पीकरमधून आजोबांचा आवाज आला, "कोण?"

तो हललाच नाही.

"कोण आहे? बोला की! मुकं आहे का?"

तो माझ्या शेजारी पायरीवर बसला. मी म्हणालो, "मी केलं हे." त्यानं माझ्याकडे बघितलं. मी डोळे मिटून घेतले.

थप्पड आली नाही. डोळे उघडले तर तो फुलं मोजत होता. मयताला सम न्यायची असतात, जिवंताला विषम. त्यानं एक काढून माझ्या हातात दिलं, आणि पाच घेऊन जिना चढायला लागला.