पिवळा दिवा लागला की बोट

धाकटे,

तुला पोटभर आशीर्वाद, घरच्यांना नमस्कार. गुडघा काय म्हणतो? माझं विचारशील तर इथे माझं भारी कौतुक चाललंय (म्हणजे चाललं होतं, ते येईलच पुढे).

तर झालं असं, आपली नात माणसाच्या मनाचं शास्त्र शिकते ना, तिला परीक्षेसाठी एक प्रयोग करायचाय. म्हाताऱ्या माणसाने कॉम्प्युटरसमोर बसायचं, पिवळा दिवा दिसला की बटण दाबायचं, लाल दिसला की गप्प. मग गोलांच्या गर्दीतून एक तुटका गोल हुडकायचा. रोज करून करून म्हातारं माणूस किती सुधारतं ते तिला बघायचंय. मला म्हणाली, "आजी, सोमवारपासून बसशील?" आता परीक्षा म्हटल्यावर तयारी नको? (दुसरीतच शाळा सुटली माझी, हौस राहूनच गेली होती.) ती कॉलेजला गेली की मी गुपचूप तिच्या कॉम्प्युटरवर सरावाला बसायचेच. सुरुवातीला दिवा येऊन जायचा तरी माझं बोट आपलं वरच. मग असं तयार झालं, की बसमधून सिग्नलचा पिवळा दिवा दिसला आणि मी पुढच्या गृहस्थांच्या पाठीत बोट खुपसलं. ते दचकून म्हणाले, "काय हो आजी?" म्हटलं, "काही नाही, दिवा लागला." सून म्हणते, "आई, जेवताना तरी ताट बडवू नका."

सोमवारी पहिल्याच फटक्याला मी कॉलेजातल्या पोरांना मागे टाकलं! मला आकाश ठेंगणं. पण बटण दाबायला लागलेल्या वेळाची कागदावरची रेघ म्हणे घसरगुंडीसारखी हळूहळू खाली यायला हवी होती, ती पहिल्या दिवसापासून जमिनीवर लोळत पडलेली. तिच्या बाई कडाडल्या, "हे आकडे घरी बसून रचलेस का? नव्याने कर, नाहीतर नापास." पोर घरी येऊन ढसाढसा रडली. मग काय, सांगितलं खरं. तर मलाच म्हणते, "अगं आजी, शिकायच्या आधीचंच तर मोजायचं होतं!" मेलं, हे आधी सांगायला काय झालं होतं? म्हटलं, शेजारची आजी बसव. तेव्हा आठवलं, इमारतीतल्या झाडून सगळ्या आज्यांना दुपारी बोलावून मीच तयार केलंय. (तळमजल्यावरची शिंपीणबाई तर माझ्याही पुढे गेली, मेली.)

असो. जिवाला जप.

तुझी थोरली

ता. क. तू लगेच निघून ये. कोऱ्या हाताची म्हातारी आता तूच एक उरलीस. तू फोन उचलेपर्यंत समोरच्याची आंघोळ होते, हे मीच नातीला सांगितलं, तर हुरळून म्हणाली, "अशीच हवी!" पोरीचं वर्ष तुझ्या हातात आहे. सराव म्हणून करायचा नाही, माझी शपथ.

आणखी एक. तरी अगदीच ढ दिसू नकोस हं, माझी सख्खी बहीण म्हणून सांगितलंय तिथे. येताना गाडीत खिडकीशी बस, आणि पिवळं काही दिसलं की मांडीवर बोट दाबत ये. नातीला बोलू नकोस.